पांघरूण

वडगावात आमच्या गल्लीत
रात्री एकच खिडकी निळी असते.
नवे भाडेकरू विचारतात,
इथं पार्लर हाय की बार?
कट्ट्यावरचं कोणीतरी सांगतं,
न्हाई गा, ते भावकाण्णाचं घर.
त्याची पोरगी उजेडात झोपत्या.

पोरगी माझी. कस्तुरी. नऊ वर्षांची.
जन्मली तेव्हा म्हणाले, सगळीच बाळं पिवळी असतात,
आठवड्यात उतरेल.
दवाखान्याच्या कार्डावर कन्नडात लिहिलं, कामाले.
माझ्या बहिणीनं खानापूरकडच्या एका म्हाताऱ्याकडून
मंतरलेली माळ आणून टाळूवर ठेवली.
माळ वाढत गेली, गळ्यात आली,
पोटावरून घसरून पायांतून निघाली.
कावीळ होती तिथंच.

बेंगळुरूच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढले,
एक माझा, एक महादेवीचा,
दोन्ही अर्धे काळे.
नात्यात लग्न?
महादेवी माझ्या मामाची मुलगी.
सुपारी फुटली तेव्हा सगळा मांडव म्हणाला होता,
घरचं सोनं घरात.
बाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं,
आणि औषध सांगितलं:
रोज दहा तास निळा उजेड.
अंगावर कापड नको.

हे त्या एका विणकराला सांगत होत्या.
आजा खड्ड्याच्या मागावर बसून गेला,
बापानं पहिला पॉवरलूम घेतला.
बेळगावापासून हुबळीपर्यंत किती बायका
आमच्या हातचं नेसून नांदल्या, मोजदाद नाही.
माझी लेक उघडी निजते.

मोडीत निघालेल्या मागाची चौकट कापून खाट केली.
वर आठ नळ्या, खाली आठ,
मध्ये मासे धरायची नायलॉनची जाळी.
वेल्डर म्हणाला, झोळ पडणार.
पडला नाही. ताण कसा द्यायचा
ते मला कोणी शिकवायला नको.

पण माझे दोन माग चालू झाले
की नळ्या फडफडतात.
व्होल्टेज एवढंच.
म्हणून रात्रपाळी बंद केली.
सूत सावकाराचं. तो म्हणाला, होय की, पोरगी आधी,
आणि पुढच्या महिन्यात निम्मी बीमं दुसऱ्याला दिली.
लाईट गेली की इन्व्हर्टर दोन तास खेचतो,
मग मी आणि महादेवी अंधारात बसून
हेस्कॉमला आळीपाळीनं फोन लावतो,
ती कन्नडात, मी मराठीत.

एकदा खाटेच्या उजेडात हळदी रंगाचं सूत बघितलं.
काळं दिसलं.
तेव्हा ध्यानात आलं, तिथं पिवळं दिसतच नाही.
रात्रभर माझी पोर
कुणाच्याही पोरीसारखी असते.
सकाळी नळ्या बंद करायचं काम मी महादेवीवर सोडलंय.

गेल्या दिवाळीपासून ती आतून कडी लावते.
बाबा, तू यायचं नाही.
मी बाहेर पायरीवर बसतो,
चोकची गुणगुण ऐकतो. सोळा आहेत,
एक गेला तर कानाला कळतं.

बाई म्हणतात, वय वाढलं की कातडी जाड होते,
उजेड आत पोचत नाही. आकडा चढेल.
तेव्हा यकृत लागेल. बापाचंही चालतं.
मी म्हटलं, खोट तर माझ्यातलीच आहे.
त्या म्हणाल्या, तुमच्यात अर्धं काम करतं.
अर्धं पुरतं.
बिडी सोडली त्या दिवशी. पैशाचं बोललो नाही.

आता मे चालू आहे, शाळेला सुट्टी.
दुपारी जेवण झालं की कस्तुरी
कपाटातली जाड सोलापुरी चादर काढते
आणि डोक्यावरून ओढून आडवी होते.
अर्धा तास. तेवढी सूट आहे.
पत्रा तापलेला, पंखा बंद.
महादेवी म्हणते, अगं, उकडून मरशील.
आतून आवाज येतो,
असू दे.