मिठाला जागणं

हेली नऊ वर्षांची होती तेव्हा
हेलसिंकीच्या डॉक्टरांनी तिच्या जठराची
तळहाताएवढी पाचर कापली
आणि आक्रसलेल्या मूत्राशयाला ठिगळ लावलं.
आईला कागदावर काढून दाखवलं : पिशवी मोठी होईल,
वर्गात स्कर्ट ओला होणार नाही, मूत्रपिंडं वाचतील.
ते सगळं खरं झालं.

फक्त ठिगळाला कुणी सांगितलं नाही
की तुझी बदली झाली आहे.

आजही ती जेवली की ते कामाला लागतं.
आम्ल गाळतं, घासाची वाट बघतं,
आणि वरून उतरतं नुसतं पाणी.
मग संडासात ती दाराची कडी धरून बसते.
भांड्यात कधी गुलाबी, कधी
लिंगनबेरीच्या सरबतासारखं लाल.
"पोटातली आग," ती म्हणते, "पत्ता चुकलेली."

मी बेकरीवाला. क्वोपिओत, बंदराजवळ. तीनला भट्टी लावतो.
डॉक्टर कोस्केला म्हणतात, वास तिथवर जात नाही,
नसा केव्हाच तुटल्या; खाल्ल्यावर रक्तातून निरोप जातो, तेवढाच.
हेली म्हणते, जातो.
ज्याचं जळतं त्याला कळतं. मी वाद घालत नाही.
कोट बाहेर टांगून मगच तिच्या घरात शिरतो.

दोन वर्षांमागे जूनमध्ये तिला उलट्या झाल्या.
साधी साथ, माझ्या मुलांना झाली तशीच.
तिसऱ्या दिवशी तिची बोटं वाकडी झाली,
मला ती आईच्या नावानं हाक मारू लागली.
इस्पितळात कळलं : अंगातलं मीठ संपत आलंय,
वरून उलटीतून, खालून ठिगळातून.
मला हसू आलं, वाईट हसू.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे तर इतकं इमानी
की जुन्या चाकरीपायी घरातलं मीठच उधळत होतं.

आता रोज कॅप्सूल. दर चार तासांनी नळी.
वर्षातून एकदा दुर्बीण,
शिवणीवर काय उगवेल याचा नेम नाही म्हणून.
ठिगळ काढून आतड्याचं लावू, असंही कोस्केला सुचवतात.
ती म्हणते, बघू.
"पस्तीस वर्षं झाली. त्याला तरी दुसरं काय येतं?"

चारला तिचा गजर वाजतो.
त्यानंतर कधी कधी झोप येत नाही,
मग नवऱ्याचे बूट घालून
ती बेकरीच्या मागच्या दाराशी उभी राहते.
पहिल्या काळ्या पावाची कड मी तिला देतो,
जाडं मीठ जरा जास्त लावलेली.
ती लगेच खात नाही.
दोन्ही हातांत धरून ठेवते, गार होईपर्यंत.