लांबी

पंच म्हणून मला नेलं, ते माझ्याकडे टेप होता म्हणून.
डॉकयार्ड रोडच्या उतारावर माझं दुकान.
पहाटे हवालदार कोंडाळकरनं शटर वाजवलं,
मेस्त्री, चला, पाच मिनिटांचं काम आहे.
ती पाच मिनिटं अजून चालू आहेत.

जमिनीपासून आडवा गज: चार फूट सात इंच.
मयत: पाच फूट पाच.
मी बोललो, साहेब बोलले, रायटरनं लिहिलं.
आकडे तेच. खोटं एक अक्षर नाही.
खाली सही केली, पेन्सिल कानावर तशीच.

भालचंद्र पेडामकर, पतपेढीचा हिशेबनीस.
त्या पतपेढीत माझेही साठ हजार होते.
पंचाला तेवढं कुणी विचारत नाही.

मग माझगावभर सुरू झालं.
सलूनवाला म्हणे, अहो, पाय टेकत होते की!
टेकत होते. पण शवागारातला नारू म्हणतो,
टेकलेले पाय त्यानं ढिगानं पाहिलेत.
कॅमेरा अकरा दिवस बंद, हे तर सगळ्यांनाच पटलं.
आमच्या सोसायटीचा दोन वर्षं बंद आहे.
चादरीची पट्टी सरळ होती, म्हणजे कात्री. कात्री कुणी दिली?
पण धागा धरून फाडलं तर मांजरपाट सरळच फाटतं,
कुठल्याही शिंप्याला विचारा.
चहावाल्याचा तेहसीन आईची शपथ घेतो,
रात्री दोनला कटिंग तीन नेले, ड्यूटीवर दोघंच.
आणि ज्यांचे जास्त बुडाले ते म्हणतात,
तो मेलाच नाही, मस्कतला बसून व्याज खातोय.
मी त्याचे तळवे पाहिलेत.
तसं म्हणालो, तर म्हणाले, तुला किती मिळाले?

लाकडानं मला एवढंच शिकवलंय:
बसतं म्हणून खरं नसतं.
बाजारातल्या कपाटाचे सगळे सांधे बसलेले दिसतात,
कारण आत लांबी भरलेली असते. वरून पॉलिश.
नख मारलं की कळतं.
साहेबांचा कागद तसाच गुळगुळीत,
नाक्यावरची गोष्टही तशीच.
पण फट होती म्हणूनच लांबी लागली ना?
आणि ज्या घरात दोनदा वाळवी निघाली,
तिथं तिसऱ्यांदा भुसा दिसला
तर रवा सांडलाय असं कोण म्हणेल?

सहा महिन्यांनी त्याची बायको आली.
कपाटाची किल्ली हरवली, म्हणाली.
मग बराच वेळ रंध्याखालचा भुगा बघत उभी.
कुणी मारलं, हे तिनं विचारलंच नाही.
विचारलं, चष्मा होता का डोळ्यांवर?

चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर होता.
दांड्या मिटलेल्या, काचा वर,
झोपताना ठेवतात तसा.
साहेबांनी तो सांगितला नाही, रायटरनं लिहिला नाही,
मी टेप गुंडाळत होतो.

कट्ट्यावर, म्हणालो.
तोंडातून गेलं ते एवढंच.

त्याच्याशिवाय त्यांना दाराची कडी सापडायची नाही,
ती म्हणाली. रात्री गज कसा सापडला?
मी म्हणणार होतो, माणूस काढून ठेवतही असेल,
फुटू नये म्हणून. हिशेबाचा माणूस,
वस्तू जपायची सवय.
तेही बसलं असतं.

तिनं पेन्सिल मागितली. टेप मागितला.
भिंतीच्या प्लायवर चार फूट सातला रेघ ओढली
आणि तिला चिकटून उभी राहिली, चपला काढून.
रेघ हनुवटीला लागली.
कपाटाचं काही न बोलता गेली.

गिऱ्हाईक विचारतं, मेस्त्री, ही रेघ कसली?
फळी बसवायचीय, सांगतो.