बारा महिने सात दिवस

सोमवारी सातला दुकान उघडायचं,
रांग तोवर जिन्याखालपर्यंत गेलेली.
मी चौदा वर्षांचा, बोटाला शाई, उंच स्टूल.
लम्सडेनसाहेब वस्तू उजेडाशी धरून भाव बोलत,
मी वहीत लिहायचो : प्लेज्ड.
एक सूट, निळा, कोपरांवर झिजलेला. प्लेज्ड.
चादरींची जोडी, अजून ओलसर. प्लेज्ड.
दुपारपर्यंत चाळीसदा.
शब्द इतका गुळगुळीत झाला
की त्याला काही अर्थ असेल असं वाटेना.

शाळेत मॅकफी मास्तरांनी वेगळंच सांगितलेलं :
सरदार गुडघे टेकून राजाच्या हातात हात द्यायचे, ते प्लेज.
आजोबा पेला उंच धरून
समोरच्याच्या डोळ्यांत बघत घोट घ्यायचे, तेही प्लेज.
आणि हिलटाउनच्या सभागृहात, चहा-पावानंतर,
थेंबाला शिवणार नाही म्हणून माणसं सही करायची,
तेही.
पिणं आणि न पिणं
एका क्रियापदाला कसं पेलवत होतं, देव जाणे.

एफी गेडिस गिरणीतून थेट आली,
केसांत तागाचा भुसा.
काउंटरवर तिनं चौकट ठेवली.
काचेखाली सोनेरी वेलबुट्टी, एक कबुतर,
‘मी, डेव्हिड गेडिस, आजपासून…’
खाली सही. शेवटचं अक्षर जरा घसरलेलं.
“चौकटीचे नऊ पेन्स,” साहेब म्हणाले,
“कागद काढून न्या, बाई. त्याचं काही येत नाही.”
“असू दे आतच,” ती म्हणाली.
“घरी राहिली तर मोडेल.”

मी टाक बुडवला आणि अडलो.
मग लिहिलं : प्लेज्ड, एक प्लेज, चौकटीसकट.
साहेबांनी पाहिलं. खोडलं नाही.

सूट ती दर शनिवारी सोडवून न्यायची.
रविवारी डेव्ही त्यात ताठ चालायचा,
चर्चपर्यंत तरी.
चौकटीचं तिकीट मात्र तिनं पुन्हा दाखवलं नाही.
बारा महिने सात दिवस, मग वस्तू दुकानाची,
असा कायदा.
चौकट एका खलाशानं नेली, बायकोच्या फोटोसाठी.
कागद वहीत राहिला.
आणि दुकान मिटलं तेव्हा वही माझ्याकडे आली.

डेव्ही कधीच गेला. एफीही.
मी घेतो थोडी, शुक्रवारी,
पण आधी वही कपाटात आत ढकलून.
‘सोडवलं’च्या रकान्यात त्या ओळीपुढे
अजून कोरं आहे.
मुद्दल नऊ पेन्स.
व्याज मी मोजलेलं नाही.