वगळलेली वाट

सेमुआ नदी इथे इतकी वळते
की तासभर पेडल मारून टेकडीवर यावं
तर खाली मघाचंच गाव, तेच चर्च,
फक्त पाठमोरं.

ओदिलाँ पुढे. वय एकाहत्तर, जंगलखात्यातून निवृत्त,
टायर जाड, हवा कमी.
"खडीवर टणक चाक म्हणजे दातांची परीक्षा," म्हणतो,
आणि चढावरही बोलणं थांबवत नाही, हा त्याचा दुर्गुण.

तंबाखू वाळवायच्या जुन्या पडव्या मागे पडल्या,
रिकाम्या, फटींतून ऊन गाळणाऱ्या.
मग बीचची झाडी. चाकांखाली स्लेटच्या कपच्या करकरतात,
मग पानांचा थर लागतो, आणि एकदम
काहीच ऐकू येत नाही.

मी वहीत लिहिते: चढ, साडेतीन किलोमीटर.
ओढा, पाय भिजतील. फाटक, मागे लावून घ्या.

फाट्यावर तो थांबला.
उजवीकडची वाट गवतातून नदीकडे उतरत होती, सुरेख.
"ही नको लिहूस."
का? दरड? कुणाचं खाजगी रान?
"काळा करकोचा," म्हणाला. "घरटं आहे."
मी ओळ खोडली.

सप्टेंबर सरला, करकोचे आफ्रिकेकडे गेले,
तेव्हा मी एकटीच उतरले त्या वाटेनं.
घरटं कुठेच नव्हतं.
चिखलात एकाच सायकलचा माग,
जाड टायरचा, कमी हवेचा,
थेट पाण्यापर्यंत;
आणि काठाचं गवत दबलेलं,
कुणी बराच वेळ बसून गेल्यासारखं.

नकाशा छापून आला. ती वाट त्यात नाही.
कुणी विचारलंच, तर मी सांगते:
करकोचा.