तासांचा हिशेब

हॅलिफॅक्सच्या सभागृहात आज खुर्च्या मांडल्यात,
समोशांशेजारी काकडीची सँडविचं,
आणि महापौरबाई गळ्यातली साखळी सावरत
नावं वाचतायत एकेक.

'खांबेटे' त्यांच्या जिभेवर दोनदा ठेचकाळलं.
कुमुदताई उठल्या तरी,
गुडघ्यावर हात रोवून, नेहमीसारख्या.

चारशे बारा तास, असं मानपत्रावर छापलंय.
ते मीच मोजले. दर शुक्रवारी
त्या आकडा सांगायच्या, मी वहीत लिहायचे.
अर्धा तास कमीच सांगायच्या.

त्यात तो मंगळवार नाही.
चढावरची गल्ली, टॅटरसॉलांचं बंद दार,
शेजारीण म्हणाली, पहाटेच गेले.
मागच्या सीटवर त्यांचा डबा, फॉइलखाली अजून गरम.
उरलेलं परत आणून टाकायचं, असा आमचा नियम.

त्या गाडीतच बसून राहिल्या
काचा वाफेनं पांढऱ्या होईपर्यंत.
मग चमचा काढला
आणि जेवल्या. कुस्करलेला बटाटा, वाटाणे, चीज,
सगळं अळणी.
मंगळवारचा त्यांचा उपास, लग्नाआधीपासूनचा.

'त्यांच्या वाटचं होतं गं,' एवढंच म्हणाल्या मला,
'कचऱ्यात कसं टाकू?'

टाळ्या थांबल्या. दोन शब्द बोलाल का,
महापौरबाई विचारतायत.
कुमुदताई माइकपासून जरा लांबच उभ्या राहून म्हणतात,
'उद्याच्या फेरीला एक गाडी कमी पडतेय.
कोणाकडे आहे?'

मागच्या रांगेत एक हात
अर्धाच वर आला.
मी वही उघडली.