पेरांची वही

कोलशेतच्या आमच्या गॅलरीत, तिसऱ्या मजल्यावर,
तेलाच्या कापलेल्या डब्यात मायाळूचा वेल आहे.
त्याच्या पेरांची लांबी मी वहीत लिहून ठेवतो.
सवय जुनी. अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये
रंगाचे नमुने मोजले,
समोर, आता टॉवर आहे तिथेच.

टॉवर सातव्या मजल्यावर होता तेव्हाची नोंद:
पेर दोन इंच, देठ जांभळा, पान जाड,
मोडलं की कट्‌ आवाज.
बाराव्याला ऊन नवाऐवजी साडेदहाला.
पेर तीन.
विसाव्याला ऊन आलंच नाही.
पेर साडेचार, जांभळा उतरून पोपटी,
पानं माझ्या तळव्याएवढी
आणि इतकी पातळ
की मागे धरलेलं बोट दिसावं.

वासंती म्हणाली, रोगट झालाय, उपटा.
म्हटलं, रोगट नाही गं,
वाढप्याचा हात आखडला
तर याने पत्रावळ मोठी मांडली.

तुळशीराम भोईर आमच्या बॉयलरवर होता.
आता त्याच गेटावर, टॉवरच्या निळ्या गणवेशात.
गाडीतून उतरणाऱ्या पोरांना सलाम करतो;
मॅनेजरला कधी केला नव्हता.
जमतं का रे, विचारलं परवा.
म्हणाला, खुर्ची दिलीय ना बसायला.

मार्चमध्ये काचा बसल्या
आणि चार वाजून दहा मिनिटांनी
पूर्वेच्या गॅलरीत दुपारचं ऊन आलं,
समोरच्या तेविसाव्या मजल्यावरून परत फिरलेलं.
चाळीस मिनिटं.
सावलीत घडलेली पानं त्यात भाजली,
पांढरे चट्टे, पापुद्र्यासारखे.
मला वाटलं होतं, ती जाड होतील.
होत नाहीत.
पान एकदा उलगडलं की तेवढंच.
बदलतं ते पुढचं,
जे अजून शेंड्यात मूठ वळून बसलंय.

आज वरचं पेर मोजलं. पावणेतीन.
नव्या पानाच्या कडेला जांभळी रेघ,
पेन्सिल हलकीच फिरवावी तशी.
भाजलेली पानं वासंतीने खुडली,
त्यातली बरी निवडून डाळीत टाकली.
चवीत फरक नाही, म्हणाली.

‘कारण’ या रकान्यावर
मी बराच वेळ पेन टेकवून बसलो.
मग चार वाजत आले.
खुर्ची जरा
डावीकडे सरकवली.