येणे बाकी

स्मरणिकेत दोनच पानं आहेत,
सराफांची जाहिरात आणि पोळीभाजी केंद्राची,
यांच्या मध्ये.
तेवढ्यात ब्याऐंशी वर्षं बसव, म्हणाल्या अध्यक्षबाई,
आणि कपाटाची किल्ली दिली.

चरईतली खोली, जिन्याखालची.
इतिवृत्ताच्या नऊ वह्या.
पहिलीचा कोपरा उंदरांनी आधीच वाचलेला.

पहिल्या वहीतलं अक्षर पुरुषाचं,
मोडी वळणाचं, टोकदार, कचेरीत मुरलेलं.
चिटणीस सौ. यमुताई दिघे;
लिहिणारे त्यांचे यजमान,
ओटीवर बसून, दाराआडून ऐकून.
‘भगिनींनी उद्बोधक चर्चा केली.’
दोन वर्षं, दर शुक्रवारी,
उद्बोधक चर्चा.
काय बोलल्या, ते दारापलीकडेच राहिलं.

मग पान एकोणसाठ.
शाई बदलते. ओळी उताराला लागतात.
‘आज यजमान फिरतीवर. मी लिहीते.’
वेलांटी चुकलेली,
आणि तिथून माणसं बोलायला लागतात.

रिबेका तळकर म्हणाल्या,
ग्रहणात मी भाजी चिरते, मुलांची बोटं शाबूत आहेत.
पुढच्या शुक्रवारी मुलं आणली.
सर्वांनी बोटं मोजली.

वाचन चालू असता सुपारी कातरू नये:
ठराव चंपूताईंचा.
विरोध एक, चंपूताईंच्या सासूबाई.

खाडीचं पाणी दिवसातून दोनदा का फुगतं
यावर तीन सभा झाल्या.
चौथीला चेंदणीहून द्वारकाबाई कोळी आल्या,
टोपली पायरीवर ठेवून,
आणि चंद्र, तिथी, उधाण, सगळं
तासाभरात निस्तरलं.
टोपलीच्या वासाबद्दल कुणी काही बोललं असेल
तर लिहिलेलं नाही.
पुढच्या सभेला दोघी गैरहजर. कारण: डोकेदुखी.

जाताना द्वारकाबाईंनी पुस्तक मागितलं.
क्रमांक चौदा. नावावर पाणी सांडलंय.
कशाला हवं, असं कुणी विचारल्याची नोंद नाही.
सहीच्या जागी अंगठा.

त्यानंतर दरसाल ताळेबंदात:
सतरंजी एक, कंदील एक,
पुढे कंदील जाऊन पंखा एक,
पुस्तक क्रमांक चौदा, येणे बाकी.
एकाहत्तर साली हिशेब तपासणारे गृहस्थ म्हणाले,
बुडीत खाती टाका की.
यमुताईंना तोवर कमी ऐकू यायचं,
पण हे नेमकं ऐकू आलं.
‘राहू द्या बाकी.
हिशेब मिटला की कोण येतंय कुणाकडे.’

मी इथे आले ती मधुमेहाच्या व्याख्यानाला,
खरं तर मोफत साखर तपासणीला.
ग्रुपवर आम्ही त्रेसष्ट जणी,
शुक्रवारी सात.
मागच्या खेपेला मृत्युपत्रावर चर्चा ठेवली होती,
ती सुनांवर गेली,
मग पुन्हा मृत्युपत्रावर आली.
उद्बोधक म्हणायला हरकत नाही.

दोन पानं झाली. अध्यक्षबाईंनी वाचली.
मान्यवरांची नावं राहिली, म्हणाल्या.
राहिली खरी.

इमारत पुनर्विकासात जाते आहे.
बिल्डरच्या माणसाला सामानाची यादी हवी,
आज संध्याकाळपर्यंत.
लोखंडी कपाट एक.
प्लास्टिकच्या खुर्च्या एकोणीस, पैकी एक तडकलेली.
वह्या नऊ.
पुस्तक क्रमांक चौदा

इथे पेन थांबतं.
ते पान काढते,
अंगठ्यावर अंगठा ठेवून बघते.

तिचा रुंद होता.